हलणारा चेहरा झाकताना : बोरघाटातले मजूर, इर्शाळवाडी आणि एक कमांड



पीएचडीला प्रवेश घ्यायच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो. "मुलाखतीचा व्हिडिओ घेतलाय, माणसं चालताहेत, काम करताहेत, त्यांचे चेहरे ब्लर कसे करायचे? एखादं सोपं अ‍ॅप सांगा ना." अ‍ॅप सांगून मी मोकळी होऊ शकते. पण मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. माझं काम कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या हंगामी मजुरांवर आहे. या कामात मला कळलं, की चेहरा धूसर करण्याचा प्रश्न तंत्राचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगते, मग कमांड लाइनवर काय करायचं ते सांगते, आणि शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगते.

कॅमेऱ्याने स्वतःच केलेला ब्लर

कर्जत-खोपोली लोकलने कधी गेलात तर पळसदरीला जरा खिडकीतून बघा. तिथूनच मुंबई-पुणे मार्गाचा बोरघाटाचा चढ सुरू होतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गाडी आणली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू केला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाहीतर गाडीतून पार करावा लागायचा. घाटातला लोहमार्ग खुला झाला तो एप्रिल १८६३ मध्ये. साधारण १५ मैलांची लांबी, १,८३० फुटांच्या आसपास चढ, २५ बोगदे. जानेवारी १८६१ मध्ये या कामावर ४२,००० मजूर होते, असा आकडा रेल्वेच्या इतिहासात नेहमी दिला जातो. पटकी आणि तापाने इथे हजारोंनी माणसं मेली. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर पहिला कंत्राटदार फॅव्हिएल बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे नेलं. घाटाच्या कामाच्या छायाचित्रांशीही तिचं नाव जोडलेलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळातला फोटो म्हणजे ओल्या कोलोडियनची काच. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ही पद्धत १८५१ मध्ये जाहीर केली होती. भर उन्हातही काचेवर प्रतिमा उमटायला बहुतेक वेळा काही सेकंद लागत. तेवढा वेळ जो स्थिर राहील, तो स्पष्ट दिसणार. जो हलेल, तो धुरकट होणार, नाहीतर पार नाहीसा होणार.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पॅरिसचं आहे. १८३८ मध्ये दागेरने खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. फोटोत रस्ता ओस पडलेला दिसतो, कारण घोडे, गाड्या, माणसं सगळी हलत होती. दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. पॉलिश करणाराही आहे, पण तो त्याच्याइतका नीट दिसत नाही. त्याचे हात चालू होते ना!

हीच गोष्ट घाटात नेऊन बघा. साहेब काठीवर हात ठेवून उभा राहू शकतो. पाटी उचलणारी बाई थांबली तर तिचा रोज बुडतो. म्हणजे त्या काळच्या कॅमेऱ्यात काम करणारा माणूस त्याच्या कामामुळेच पुसट व्हायचा. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणी विचारलंही नाही. फोटोत मजूर स्पष्ट दिसतात ते बहुधा त्यांना "हलू नका" असं सांगून उभं केलेलं असतं तेव्हा. जुना फोटो वाचताना हा प्रश्न कायम विचारा : इथे कोण स्थिर राहू शकत होतं?

याच्या उलट टोकाचं कामही मुंबईतच झालं. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची आहे. माणूस कापायचा आणि हव्या त्या देखाव्यावर बसवायचा. म्हणजे चित्रातला एक भाग वेगळा काढून त्यावर वेगळी प्रक्रिया करायची आणि परत जोडायचा. हे लक्षात ठेवा, कमांड लाइनवर आपण अगदी हेच करणार आहोत. फरक इतकाच, की जॉन्सनला माणूस 'नमुना' म्हणून दाखवायचा होता आणि आपल्याला तो ओळखू येऊ द्यायचा नाहीये.

सगळं स्पष्ट दिसतं तेव्हा

आता एकदम अलीकडे येऊ. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी. वरपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं पावसात पायवाटेने चढून गेली. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

त्या दिवसांतली दृश्यं आपण सगळ्यांनी फोनवर पाहिली. चिखलात बसलेली माणसं, रडणाऱ्या बाया, आईबापाला शोधणारी पोरं. आता कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ३० चित्रं घेतो, हललं तरी कुणी पुसट होत नाही. १८६० च्या घाटात कष्टकऱ्याला दिसण्याचा पर्याय नव्हता, २०२३ मध्ये त्याच डोंगररांगेत न दिसण्याचा पर्याय नव्हता. दोन्ही वेळा विचारलं कुणी नाही, एवढं मात्र सारखं.

कायद्याने काही जणांना संरक्षण दिलंय. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ १९८३ मध्ये आलं. त्यामागे आपल्याच राज्यातल्या मथुरा प्रकरणानंतर उभं राहिलेलं स्त्रियांचं आंदोलन होतं. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नाव छापलं नाही एवढ्याने भागत नाही. ज्या तपशिलावरून ओळख पटू शकते तो तपशीलही उघड करायचा नाही. संशोधकाने हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं असं आहे. कारण वीटभट्टीवरच्या बाईसाठी असं वेगळं कलम नाही. तिथे तुमची समजच काय ते कलम.

मग कमांड लाइनच का?

माझ्या कामाचं उदाहरण घेते. कर्जत-खालापूरमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्याआधी मुकादमामार्फत उचल घेतलेली असते. एका भट्टीवर मी ज्या मावशींशी बोलले, त्यांनी हिशेबाबद्दल बरंच सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "ताई, सगळं घ्या, पण तोंड नको. तोंड दिसलं तर पुढल्या साली उचल कोण देईल?"

हा व्हिडिओ मी एखाद्या फुकट वेबसाइटवर चढवून ब्लर केला असता, तर झाकायचा चेहरा झाकण्याआधीच एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला असता. कमांड लाइनचा पहिला फायदा हाच, की सगळं काम आपल्या लॅपटॉपवर, नेट बंद ठेवूनही होतं.

दुसरा फायदा इतिहासाच्या विद्यार्थ्याला जास्त भावेल. माऊसने केलेल्या कामाची खूण सहसा उरत नाही. कमांड म्हणजे एक लिहिलेली ओळ. ती वहीत किंवा फाइलमध्ये ठेवली की कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत, चित्राचा कुठला तुकडा, किती धूसर केला, हे कायमचं नोंदलं जातं. कागदपत्र हाती आलं की आपण विचारतो, यात कुणी फेरफार केलाय का? उद्या आपल्या व्हिडिओबद्दल कुणी तेच विचारलं, तर उत्तर तयार हवं.

यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे एफएफएमपेग. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी ते २००० साली सुरू केलं. नावातली दोन 'एफ' म्हणजे फास्ट फॉरवर्ड. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

त्याची रीत अशी. व्हिडिओच्या प्रवाहाच्या दोन प्रती करायच्या, त्यासाठी 'स्प्लिट'. एका प्रतीतून चेहऱ्याचा चौकोन कापायचा, हे 'क्रॉप'. तो तुकडा धूसर करायचा, हे 'बॉक्सब्लर'. आणि मूळ चित्रावर त्याच जागी बसवायचा, हे 'ओव्हरले'. जॉन्सनची कात्री आणि डिंक, दुसरं काही नाही. ओव्हरलेला 'इनेबल' ही अट जोडली, की ठरावीक सेकंदांपुरताच तुकडा बसतो.

माणूस बसलेला असेल तर एवढ्यावर भागतं. चालत असेल तर? क्रॉप आणि ओव्हरलेमध्ये जागा सांगताना आकड्याऐवजी सूत्र देता येतं आणि ते प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजलं जातं. समजा १२ व्या सेकंदाला चौकोनाची डावी कड ४०० पिक्सेलवर आहे आणि १८ व्या सेकंदाला ६४० वर. म्हणजे ६ सेकंदांत २४०, सेकंदाला ४०. सूत्र झालं : ४०० अधिक, ४० गुणिले (टी वजा १२). 'टी' म्हणजे त्या फ्रेमची वेळ. हेच सूत्र क्रॉप आणि ओव्हरले दोन्हीकडे द्या. माणूस वाकडातिकडा चालत असेल तर त्याच्या चालण्याचे छोटे सरळ तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेगळं सूत्र.

इथे दोन खाचखळगे आहेत. एक, क्रॉपमध्ये चौकोनाची जागा दर फ्रेमला बदलते, पण लांबी-रुंदी सुरुवातीला एकदाच ठरते. म्हणून माणूस कॅमेऱ्याजवळ येणार असेल, तर सगळ्यात मोठ्या चेहऱ्याच्या मापाचा चौकोन घ्या. दोन, कमांडमध्ये इनपुटच्या आधीच 'अमुक सेकंदापासून सुरू कर' असं सांगितलं, तर 'टी' पुन्हा शून्यापासून मोजला जातो आणि सगळी गणितं सरकतात.

"एवढं हाताने कोण करणार?" असं म्हणाल. बरोबर आहे. चेहरा आपोआप शोधणारी साधनं आहेत. पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी २००१ मध्ये समोरून दिसणारा चेहरा झटपट शोधण्याची पद्धत मांडली. गूगलने २००८ मध्ये स्ट्रीट व्ह्यूमधले चेहरे आपोआप धूसर करायला सुरुवात केली, यूट्यूबने २०१२ मध्ये तशी सोय दिली. आज 'डीफेस' नावाचं कमांड लाइनवरचं छोटं साधन व्हिडिओतला प्रत्येक चेहरा शोधून झाकतं, एका ओळीत. मीही तेच वापरलं होतं. आता चूक सांगते.

नऊ फ्रेम

दोन मिनिटांची क्लिप होती. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३,६०० चित्रं. मावशी डोक्यावर कच्च्या विटा घेऊन येत होत्या, वाकून ठेवत होत्या, परत जात होत्या. साधनाने चेहरा झाकला, मी दोनदा बघितलं, मला सगळं ठीक वाटलं. विभागातल्या चर्चासत्रात दाखवायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला क्लिप दाखवली. ती काहीतरी विचारायचं म्हणून मध्येच स्पेसबार दाबून थांबली, आणि पडद्यावर मावशींचा चेहरा. पूर्ण, स्वच्छ. मावशी विटा ठेवायला वाकल्या होत्या, चेहरा तिरका झाला होता, वर पदराची सावली. साधनाला तो चेहरा वाटलाच नाही. मोजल्या तर नऊ फ्रेम निघाल्या. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. चालू व्हिडिओत डोळ्याला कळत नाही, पण थांबवून स्क्रीनशॉट घ्यायला एक फ्रेम पुरते.

मला घाटातला फोटो आठवला. तिथे काम करताना हललेला माणूस पुसट झाला. इथे काम करताना वाकलेली बाई उघडी पडली. यंत्र बदललं, पण यंत्राने गृहीत धरलेला माणूस तोच : समोर तोंड करून, सरळ, निवांत उभा राहणारा.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. झाकलेल्या क्लिपची प्रत्येक फ्रेम चित्र म्हणून काढायची. एफएफएमपेगच्याच 'टाइल' फिल्टरने एका पानावर दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर चित्रं बसवायची. ३,६०० फ्रेमची ३६ पानं होतात. चहाचा कप घ्या आणि पानं मोठी करून एक एक नजरेखालून घाला. जिथे साधन चुकलंय तिथे वरच्या पद्धतीने हाताने सूत्र लिहा.

आणखी चार गोष्टी, थोडक्यात.

पहिली, हलका ब्लर हा पडदा नव्हे. २००७ मध्ये इंटरपोलने भोवऱ्यासारखा फिरवून लपवलेला एका गुन्हेगाराचा चेहरा, जर्मन पोलिसांनी पूर्ववत केल्यावर प्रसिद्ध केला आणि माणूस पकडला गेला. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की पिक्सेल मोठे केलेले किंवा धूसर केलेले चेहरेसुद्धा संगणकाला शिकवून ओळखता येतात. धोका खरा असेल तर 'ड्रॉबॉक्स'ने भरीव चौकोनच टाका. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे.

दुसरी, मोबाइलच्या व्हिडिओ फाइलमध्ये वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलेलं असतं. ते 'मॅप मेटाडेटा' हा पर्याय उणे एक करून काढून टाका.

तिसरी, मागचा डोंगर बघा. इर्शाळगडाचा सुळका आणि त्यातलं नेढं, माथेरानचं पठार, ढाकचा कडा, हे आपल्याकडच्या कुठल्याही भटक्याला लांबून ओळखू येतं. क्षितिज दिसलं की भट्टी कुठली ते कळलं. गरज असेल तर तेही झाका.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, मूळ फाइलला हात लावायचा नाही. झाकणं म्हणजे पुसणं नव्हे. मूळ प्रत कुलूपबंद ठेवा, तिची हॅश काढून नोंदवा, सोबत लिहा की का झाकलं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि कधीपर्यंत. शंभर वर्षांनी कुणी या भट्ट्यांचा इतिहास लिहील, तेव्हा त्यालाही घाटातल्यासारखे बिनचेहऱ्याचे मजूरच मिळाले तर ती आपली चूक असेल. आणि हेही लक्षात घ्या, की काही माणसांना दिसायचं असतं, नावासकट. त्यांना 'संरक्षण' म्हणून परस्पर झाकणं हाही एक अन्यायच.

दुरुस्त केलेली क्लिप मी चर्चासत्रात दाखवली नाही. आधी ती मावशींना दाखवायला भट्टीवर गेले. त्यांनी फोन हातात धरून पूर्ण बघितली. मग हसल्या आणि म्हणाल्या, "तोंड झाकलंत, पण चाल तर माझीच हाय. मुकादम लांबून चालीवरून हाक मारतो."

३६ पानं तपासूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं, "मग काय करू?" त्या म्हणाल्या, "हात दाखवा की. विटा थापणारे हात सगळ्यांचे सारखेच."

शेवटी चर्चासत्रात मी अकरा सेकंद दाखवले, फक्त हात आणि साचा. बाकीचं मावशींचं म्हणणं लिहून वाचून दाखवलं, दुसऱ्या नावाने. त्या क्लिपला ब्लर लागलाच नाही, एक साधा क्रॉप पुरला.

तेव्हा साधन उघडण्याआधी वहीत तीन ओळी लिहा : कुणापासून लपवायचंय, तो माणूस यांना कशावरून ओळखतो, आणि हे मी त्यांना विचारलंय का. तिसऱ्या ओळीचं उत्तर 'नाही' असेल तर लॅपटॉप बंद करा आणि आधी भेटून या.

पुढच्या लेखात आवाज बदलण्याबद्दल लिहीन. तिथेही गंमत अशी, की नुसती पट्टी वर-खाली केलेला आवाज परत मूळ पट्टीवर आणता येतो. तोवर तुमच्या एखाद्या क्लिपची पानं काढून बघा, आणि काय सापडलं ते कळवा.